दाराआडचा पाळणा

काकी गायला लागली की तिच्या उजव्या पायाचा अंगठा हलायचा. ताल धरल्यासारखा नव्हे. पुढे, मागे, पुढे, मागे, एखादी न दिसणारी दोरी ओढून सोडल्यासारखा. गावात हे फार थोड्यांना ठाऊक होतं, कारण तिला गाताना पाहिलेलंच फार थोड्यांनी. आमच्या बेटावरच्या ग्रां बुआत कुठल्याही मराठी घरी बारसं असलं की मोठ्या खोलीत पाळणा सजायचा. लेकुरवाळ्या बायका पाळण्याभोवती दाटीवाटीने बसायच्या, दोरी त्यांच्या हातात असायची, आणि गाणं मात्र यायचं स्वयंपाकघराच्या दाराआडून. तिथे पाटावर, भिंतीला टेकून काकी बसलेली असायची. आम्ही मुलं तिला दाराआडची काकी म्हणायचो. मोठी माणसं आम्हाला त्यावरून दटावत नसत, म्हणजे त्यांच्याही तोंडी तेच नाव होतं.

कारण सरळ होतं. काकीला मूल नव्हतं. मूल नसलेल्या बाईने पाळण्याची दोरी धरायची नाही, बाळाकडे टक लावून बघायचं नाही, हे आमच्या पणज्यांनी कोकणातून जहाजात चढताना गाठोड्यात नीट बांधून आणलेलं होतं. पण पंचाईत अशी की अख्ख्या गावात पाळणे येत होते ते एकट्या काकीला. आमच्या बायकांच्या मराठीत तोवर निम्मी क्रिओल, बेटाची बोली, शिरली होती, आणि गाण्याची पहिली ओळ झाली की दुसरी कुणाला आठवत नसे. काकीला जुने पाळणे तर येतच, शिवाय ती नवे रचायची. त्यांत ऊस असायचा, साखरमळ्याच्या कोठीचे बैल असायचे, समुद्र असायचा. मग बायकांनी आपला तोडगा काढला. आवाज तेवढा घ्यायचा आणि बाईला दाराआड बसवायचं. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, काकीलाही वाटत असल्याचं दिसत नव्हतं.

मी सहा-सात वर्षांची असेन. शेजारच्या बारशात घुगऱ्या आधी मिळाव्यात म्हणून स्वयंपाकघरात शिरले आणि पहिल्यांदा तिला गाताना पाहिलं. डोळे मिटलेले, हात मांडीवर पडलेले, आणि तो अंगठा.

"काय बघते?" दोन ओळींच्या मधल्या श्वासात तिने विचारलं.

"अंगठा," मी म्हटलं.

"बघ," म्हणाली, आणि पुढची ओळ उचलली.

गाण्याच्या बाबतीत तिचा एकच कडक नियम होता. पाळणा अर्धा सोडायचा नाही. बाहेर बायका उठून घुगऱ्या वाटायला लागल्या, बाळ कधीचं झोपलं, तरी ही शेवटच्या कडव्यापर्यंत गाणार. "अर्धा सोडला तर लेकरू अर्ध्या झोपेतनं उठतं," ती सांगायची. "मग ते कोणाचंच नाय राहत, ना झोपेचं ना आयचं." पाळणा कुठलाही असो, शेवटचं कडवं तिचं स्वतःचं आणि नेहमी तेच असायचं:

निजली सारी वस्ती, निजला डोंगर उशाशी,
दोरी आता सोडते, नीज तुझी तुझ्यापाशी.

हे म्हणून झालं की ती पदराने तोंड पुसायची आणि मागच्या दाराने घरी जायची. घुगऱ्या तिला पाठवून द्याव्या लागत.

बिचारी म्हणून तिच्या घरी जावं तर मात्र फसगत व्हायची. कोठीच्या उसाला लागून त्यांचं पत्र्याचं दोन खोल्यांचं घर होतं, पुढे शुशूच्या वेलाचा मांडव आणि मागे ब्रेदच्या भाजीचे वाफे. काका कोठीवर उसाच्या बैलगाड्या हाकायचे आणि गणपतीत झाकरीच्या नाचाला ढोलकी वाजवायचे. एरवी त्यांचं बोलणं दिवसाला चार वाक्यांच्या वर जात नसे. काकी बोलायची ती त्यांच्याही वाट्याचं. इतर बायका मुलाच्या नोकरीबद्दल ज्या तोऱ्यात बोलतात, त्या तोऱ्यात ती सांगायची, "मी गरम जेवते." सुरुवातीला मला यातलं काही कळायचं नाही. मग मी आमच्या घरात बघायला लागले. आई आम्हा आठ जणांना वाढायची, बापाला वाढायची, आजीला भरवायची, आणि शेवटी चुलीपाशी बसून गार भातावर गार डाळ ओतून घ्यायची. आईला वाफ निघणाऱ्या ताटावर बसलेली मी कधी पाहिली नाही. काकी रविवारी सकाळी सातपर्यंत झोपायची, हेही ती न विचारता सांगायची. गावातल्या बायका त्यावर हसायच्या आणि घरी जाताना म्हणायच्या, काय करणार, दुःख विसरायला काहीतरी हवं ना.

काका मोकळ्या वेळात लाकडाच्या छोट्या बैलगाड्या करायचे. चाकं फिरणाऱ्या, जू असलेल्या. गावातल्या प्रत्येक पोराकडे त्यांची एक तरी गाडी होती, माझ्याकडेही होती. काका गाडी करायला बसले की काकी उठून मागच्या वाफ्याकडे जायची. याचं मला कधी नवल वाटलं नव्हतं. ते पुढे वाटलं.

मी शिकले, प्राथमिक शाळेत मास्तरीण झाले आणि लग्न होऊन व्हाकोआला गेले. नवरा सरकारी कचेरीत कारकून, माणूस शांत. मास्तरकीने मला एक खोड लावली होती. कुणी चुकीचं बोललं की मला राहवत नसे. सासूबाईंच्या हिशोबात पहिल्या वर्षी नातू यायला हवा होता. दुसरं वर्ष सरलं तशा त्या उघड बोलायला लागल्या. एकदा म्हणाल्या, "तुमच्या गावच्या त्या दाराआडच्या काकीसारखं व्हायचंय का?" त्यांना मी गप्प बसून उत्तर दिलं, हे माझ्या स्वभावाला धरून नव्हतं. मला मुलं आवडत होती, रोज चाळीस मुलं मी सांभाळत होते. पण घरी आल्यावर दार लावून निवांत वाचायलाही आवडत होतं, आणि शनिवारी नवऱ्याबरोबर क्युरपिपला जाऊन, तिथल्या कायमच्या पावसात भिजत परत यायलाही. शिवाय आईचं गार ताट डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. नको म्हणावं तर का नको ते सांगता येईना, हवं म्हणावं तर ते मला हवंय की सासूबाईंना, हे कळेना. नवरा म्हणायचा, तू ठरव. याने माझं ओझं हलकं होतं असं त्याला वाटायचं.

साठ सालच्या त्या मोठ्या तुफानाने बेटावरची किती घरं नेली ते आमच्या वयाच्या माणसांना सांगायला नको. शाळा निराश्रितांनी भरल्या आणि मला सुट्टी मिळाली. मी ग्रां बुआला धावले. आमचं घर उभं होतं. काकीच्या घराचे पत्रे मात्र उसात जाऊन पडले होते, आणि काका-काकी आईच्या मागच्या खोलीत राहायला आले होते. चौथ्या दिवशी ऊन पडलं. मी आणि काकी भिजलेले कपडे पिळून अंगणातल्या काळ्या दगडांवर पसरत होतो.

"तुझी सासू माझ्या नावाने भ्या घालते काय तुला?" काकीने एकदम विचारलं. आईने सांगितलं असणार.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "काकी, तुला झालं नाही यात तुझा काय दोष?"

"झालं नाय?" तिने पातळाला शेवटचा पीळ दिला. "मला झाली नाय असं कोण बोललं? मी केली नाय."

मी हातातलं धुणं तसंच धरून उभी राहिले.

"लग्नाच्या चौथ्या दिवशी मी ह्यांना बोलली, मला पोरं नको. हे गप. दुसऱ्या दिवशी कोठीवरनं आले आणि बोलले, बरं. एवढंच. आजून तेच्यावर दुसरा शब्द नाय. हे पडवीत झोपतात ना, लोकांना वाटतं आत उकडतं म्हणून."

मग तिने सांगितलं. ती तेरा वर्षांची असताना तिची आई सातव्या बाळंतपणात गेली. बाप उसात. घरात पाच भावंडं आणि ते तान्हं. पाळण्याची दोरी ती पायाच्या अंगठ्याला बांधायची, म्हणजे हात भाकरीला, निवडण्याला, शिवणाला मोकळे राहत. दोरी ओढत ओढत गायची. गाणी तिथेच पाठ झाली, रचायला लागली तीही तिथेच.

"धाकटा पाच महिन्यांचा झाला व्हता," ती म्हणाली. "एक दिवस मी तांदूळ निवडत व्हती. गात व्हती, दोरी ओढत व्हती. तांदूळ झाले, उठून बघते तर तो गार. कधी गेला ते कळलं नाय. मी दोरी ओढतच व्हती, शेवंते."

मी रडायला लागले. तिने माझ्या हातातलं धुणं घेतलं आणि दगडावर पसरलं.

"पण तेच्यामुळे नाय हां," ती म्हणाली. "तसं सांगितलं तर लोकांना बरं वाटेल. मला पण वाटेल. खरं सांगू? मला नको व्हती. बस्स. मला गाणं पायजे व्हतं, झोप पायजे व्हती, आपलं आपलं ताट पायजे व्हतं."

"मग सुखी आहेस ना तू?" माझा आवाज शाळेतल्यासारखा निघाला असावा, कारण ती हसली.

"काय दिवशी वाटतं, एक तरी पायजे व्हतं. मग दिवस जातो, वाटणं पण जातं. तुझ्या आयला नाय वाटत काय, उलटं? विचार तिला, सांगायची नाय." मग ती म्हणाली, "माझं मला कळतं. ह्यांचं नाय कळत. ते गाडी करायला बसतात ना, तवा मी तेंचं तोंड बघत नाय. भ्या वाटतं. बरं बोलले ते, पण मनातनं बोलले काय, हे मी कधी विचारलं नाय. चाळीस वर्सं व्हायला आली."

"मी काय करू, काकी?"

"मला काय विचारते? माझं बघून ठरवू नको, तुझ्या आयचं बघून पण ठरवू नको. आणि एक, हे कोणाला बोलायचं नाय. वांझ बोलतात ते बरं हाय. तेवढं त्यांना कळतं." मी शपथ घेतली. गळ्याला हात लावून घेतली.

वर्षाच्या आत मला मूल हवंसं वाटलं. कुणी सांगून नव्हे. शाळेतून बसने घरी येत होते, समोर कुणाचं तरी बाळ झोपलेलं होतं, आणि मला ते सरळ हवंसं वाटलं, इतकंच. काकीची गोष्ट ऐकली नसती तर ते वाटणं माझं आहे की दुसऱ्या कुणाचं, हे मला ओळखता आलं नसतं. दिवस राहिल्यावर मी तिला सांगायला, नवे पत्रे घातलेल्या तिच्या घरी गेले. "तुला पायजे हाय?" तिने विचारलं. हो म्हटलं. "मग गरम जेवायचं विसर," म्हणाली, आणि माझ्या पोटावर हात ठेवायला म्हणून पुढे केलेला हात तिने मध्येच मागे घेतला. तो हात मला फार लागला. पुढे जे केलं ते त्या हातापायी केलं, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं.

बाळंतपण माहेरी झालं. मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारसं, घर बायकांनी भरलेलं, आणि नाव ठेवायला बाळाची आत्या, म्हणजे माझी नणंद, व्हाकोआहून आलेली. काकी नेहमीसारखी मागच्या दाराने आली, पाटावर बसली आणि गायला लागली. माझ्या मुलीसाठी तिने नवा पाळणा रचला होता. त्यात तुफान होतं, उडालेले पत्रे होते, आणि त्या पत्र्यांचा बाळाला वाजवायला खुळखुळा झाला होता. बायका हसत होत्या. आणि मला राहवलं नाही.

"काकी, बाहेर ये," मी म्हटलं. "दोरी तू धर."

नणंदेने पाळण्यावर हात ठेवला. "वहिनी, पहिल्याच लेकराला वांझ बाईचा हात? काही कळतं का तुला?"

झालं. कुणीतरी चुकीचं बोललं होतं, आणि मी मास्तरीण होते. "वांझ नाहीये ती!" मी म्हटलं. "तिला होऊ शकत होती. तिने आणि काकांनी ठरवून होऊ दिली नाहीत!"

मला खरोखर वाटलं होतं, दोष आहे तो वांझपणाचा. तो खोटा ठरला की दार उघडेल. फळ्यावरचं चुकीचं उत्तर पुसून बरोबर लिहावं, इतकं सोपं मला ते वाटलं. गाणं कडव्याच्या मध्येच थांबलं. बायका माझ्याकडे बघत नव्हत्या, दाराकडे बघत होत्या. मग मागच्या दाराची कडी वाजली. आईने घाईने शेवटचं कडवं म्हणायला घेतलं, पण तिला एकच ओळ येत होती.

त्या दिवसापासून गावाने काकीला माफ केलं नाही. वांझ बाईला देवाने दिलं नाही, तिचा काय दोष; तिला दाराआड का होईना, जागा होती. पण देव देत असताना हात आखडणारी बाई म्हणजे काय? सर्वांत जास्त बोलल्या त्या आठ-आठ, नऊ-नऊ मुलांच्या आया. तेव्हा मला त्यांचा राग आला होता. आज वाटतं, असं ठरवता येतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, आणि सांगितलं ते फार उशिरा, एका पोरसवदा मास्तरणीने, भर बारशात.

बैठकेत, म्हणजे गावाच्या सभाघरात, पंचमंडळींनी काकांना बोलावून विचारलं. चार वाक्यांचा माणूस, त्याने दोनच खर्चली. "मास्तरणीला चुकीचं कळलंय. दोष माझ्यात हाय." साठीच्या माणसाने भरल्या बैठकेत असं सांगितलं, आणि मागच्या रांगेतली तरणी पोरं हसली. हे माझ्या भावाने मला घरी येऊन सांगितलं तेव्हा मी बाळाला पाजत होते, आणि मला वाटलं, चला, मिटलं. इतकी मी मूर्ख होते. काकांनी स्वतःची अब्रू देऊन काकीचं दार परत बसवून दिलं होतं. तिने फक्त त्यामागे जाऊन बसायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकी सार्वजनिक नळावर गेली. बादल्यांची रांग लागलेली होती. तिने आपला नंबर येईपर्यंत वाट पाहिली, बादली नळाखाली लावली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "काल हे बैठकेत खोटं बोलले, माझ्यासाठी. पोरगी बोलली ते खरं हाय. मला नको व्हती." बादली भरली. ती उचलून घरी गेली.

मी माफी मागायला गेले तेव्हा ती ब्रेद खुडत होती. मी पुष्कळ बोलले, बोलताना रडले. तिने ऐकून घेतलं.

"मला दाराबाहेर काढायला गेलीस आणि दारच उपटलंस, मो तिफी," ती म्हणाली. मो तिफी म्हणजे माझी पोरगी. क्रिओलमध्ये कुणीही कुणालाही म्हणतं, पण मला त्याने भरून आलं. "बिचारी बोलायचे ना मला, त्या बिचारीच्या खाली मी सुखात बसली व्हती. आता ऊन लागतं."

"काका खोटं बोलले होते. तू गप्प बसली असतीस तर…"

"तेंनी एकदा माझ्यासाठी बरं बोललं. तेवढं पुरे. आता नामर्द पण व्हायचं काय माझ्यासाठी?" मग ती खुडायची थांबली. "एक झालं मातर. त्या दिवशी बैठकेतनं आले तवा मी विचारलं ह्यांना. चाळीस वर्सांनी. तुम्हाला पायजे व्हती काय?"

"काय म्हणाले?"

"बोलले, पायजे व्हती." तिने खुडलेली भाजी पदरात घेतली. "आणि बोलले, तू पण पायजे व्हतीस. की पु फेर." म्हणजे काय करणार, असं म्हणून ती आत गेली. त्या दिवशी तिने मला जेवायला थांब म्हटलं नाही.

मग वर्षं गेली. ग्रां बुआत बारशी होत राहिली, पण काकीला बोलावणं गेलं नाही. कुणी रेडिओ लावायचं, कुणी नुसतंच नाव ठेवून मोकळं व्हायचं. माझी उषा मोठी होत होती. दुसऱ्यासाठी सासूबाई मागे लागल्या तेव्हा मी सरळ नाही म्हटलं. एक पुरे होतं म्हणून म्हटलं, की काकीचं देणं लागत होते म्हणून, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. काही संध्याकाळी उषाला एकटीच खेळताना बघून वाटायचं, अजून एक हवं होतं. काकीचं म्हणणं खरं होतं. वाटायचं, आणि मग दिवस जायचा.

साठच्या दशकाच्या मध्याला गावोगाव कुटुंब नियोजनाच्या नर्स फिरायला लागल्या. बेटावर माणसं फार झाली, असं सरकारच म्हणायला लागलं. आमच्याही बैठकेत एक नर्स आली, तक्ते टांगून बोलली. बायका पदर तोंडाला लावून हसल्या आणि घरी गेल्या. आणि मग एकेक जण काकीच्या मागच्या दाराने यायला लागली. नळावर तिला शिव्या घातलेल्याही त्यांत होत्या. भाजी मागायच्या निमित्ताने यायच्या आणि हळूच विचारायच्या, काकी, तू कसं गं जमवलंस?

"आयो, औषध नाय बाई माझ्याकडे," काकी सांगायची. "शब्द पाळणारा दादला लागतो. तो नसेल तर त्या नर्सकडे जा, लाजू नको." मग चुलीवरचं जे असेल ते वाढायची आणि ती बाई ते संपवेपर्यंत तिला उठू द्यायची नाही. बाहेर तिचं पोर रडत असलं तर स्वतः जाऊन कडेवर घ्यायची. आता तिला कुणी अडवत नव्हतं. मी एकदा म्हटलं, "बघ काकी, शेवटी आल्याच की नाही." ती म्हणाली, "मागच्या दाराने आल्या. पुढच्या दाराने कोण बोलावतं?" माझ्या समाधानासाठी तिने कधी एक शब्दही गोड करून सांगितला नाही.

आमच्या बेटावर स्वातंत्र्याचा झेंडा लागला त्या वर्षीच्या थंडीत काकी आजारी पडली. आईचा निरोप आला तशी मी उषाला घेऊन निघाले. दुपारची वेळ होती. काका पडवीत बसले होते, हातात काही नव्हतं. "आत जा, पोरी," म्हणाले. "सकाळपासून पाय थांबत नाय तिचा. कोणाला झोपवते कोण जाणे."

काकी खाटेवर डोळे मिटून पडली होती, इतकीशी झाली होती. चादरीखाली उजव्या पायाचा अंगठा हलत होता. पुढे, मागे, पुढे, मागे. मी पायाशी बसले. उषा दारातच उभी राहिली.

"काकी, मी शेवंता."

"रडतोय," ती म्हणाली.

"कोण?"

"धाकटा."

मला काय करावं कळेना. मग एकच सुचलं. मला गाता येत नाही. शाळेत प्रार्थनेलाही मी नुसते ओठ हलवते. पण माझ्या मुलीचा तुफानाचा पाळणा जिथे थांबला होता ते कडवं मला पाठ होतं. ते बारसं मी मनात किती वेळा परत केलं होतं. मी तिथून सुरुवात केली. बेसूर, चिरका आवाज. उडालेले पत्रे झाले, खुळखुळा झाला. पुढचं काय रचलं होतं ते तिचं तिलाच ठाऊक, म्हणून मी शेवटाला आले. निजली सारी वस्ती, निजला डोंगर उशाशी. चादरीवरून तो अंगठा मी मुठीत धरला. दोरी आता सोडते, काकी, दोरी आता सोडते, नीज तुझी तुझ्यापाशी. दोनदा म्हटलं, तिसऱ्यांदा म्हटलं. मुठीतली हालचाल मंद होत गेली आणि थांबली.

मी घाबरून वर बघितलं. तिचे डोळे उघडे होते आणि ती मला ओळखत होती.

"आवाज नाय तुझ्याकडे," काकी म्हणाली. मग डोळे मिटून घेत म्हणाली, "पण पुरा केलास."

तिला झोप लागली. त्यानंतर दोन दिवस ती होती, पण माझ्याशी बोलली ते एवढंच.

मी बाहेर आले तर काकांनी चुलीवर भात केला होता. त्यांनी पडवीत पाट मांडला, ताटात वाफाळता भात आणि डाळ वाढली आणि म्हणाले, "गरम हाय तोवर जेव. ती विचारेल मला." मी बसले. दोन घास खाल्ले असतील, तेवढ्यात उषा येऊन माझी बाही ओढायला लागली, तिला पाणी हवं होतं. मी तिला म्हटलं, थांब, आई जेवतेय. ती थांबली. ताट संपेपर्यंत मी उठले नाही.